तासभराचं इंजिन, दिवसभराची वीज

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याच्या पश्चिम कडेला क्वार्ट्झसाइट नावाचं गाव आहे. २०२० च्या जनगणनेत तिथे अडीच हजारांहूनही कमी माणसं भरली. पण आपल्याकडे दिवाळी आटोपते त्या सुमारास गावाभोवतीच्या वाळवंटात पांढरे ठिपके दिसू लागतात, आणि जानेवारी येईतो नजर पोचेल तिथवर गाड्याच गाड्या उभ्या असतात. राहायच्या गाड्या. कुणाची बसएवढी मोटारहोम, कुणी पिकअपमागे ओढत आणलेला ट्रेलर, कुणाची साधी व्हॅन. या सगळ्या जातकुळीला आर.व्ही. म्हणतात. कॅनडातले आणि अमेरिकेच्या उत्तरेकडचे निवृत्त लोक बर्फ चुकवायला इथे येऊन राहतात. ज्यांनी २०२० चा 'नोमॅडलँड' चित्रपट पाहिला असेल त्यांनी हे वाळवंट पडद्यावर पाहिलेलं आहे.

जमीन सरकारची आहे. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय खात्याच्या ताब्यात महाराष्ट्राच्या तिपटीहून जास्त जमीन आहे, आणि तिच्यातल्या बऱ्याच भागावर १४ दिवसांपर्यंत फुकट मुक्काम करता येतो. क्वार्ट्झसाइटजवळच्या ला पोसा भागात परवाना काढला की १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा अख्खा हंगाम राहता येतं. मोबदल्यात पाण्याचा नळ, कचरा आणि मैला टाकण्याची सोय, आणि भरपूर आकाश. विजेचा खांब मात्र नाही. अशा राहण्याला तिकडे बूनडॉकिंग म्हणतात. शब्द मूळचा फिलिपाइन्समधला. तगालोग भाषेत 'बुंडोक' म्हणजे डोंगर. तिथे लढायला गेलेल्या अमेरिकन सैनिकांनी तो घरी आणला आणि आडरानाला चिकटवला.

या वस्तीत रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळायची असते. साधा नियम, पण आर.व्ही.च्या विजेचं गणित त्याच्याभोवतीच फिरतं. फ्रिज रात्री चालतो. गॅसवर चालणाऱ्या हीटरचा पंखा रात्रीच सर्वांत जास्त फिरतो. झोपेत श्वासाचं यंत्र लावणारे पुष्कळ जण असतात, तेही रात्रीच. म्हणजे वीज लागते तेव्हा जनरेटर बंद, आणि जनरेटर चालतो तेव्हा विजेची फारशी गरज नाही. मधली दरी बॅटरीने भरायची. ही बॅटरी कशाने आणि किती वेळात भरते, याच्यावर शेजाऱ्याशी संबंध कसे राहणार हेही ठरतं.

आधी खर्च मांडू. आपल्याला वीजबिलामुळे 'युनिट' हा शब्द अंगवळणी पडलेला आहे. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. दोन माणसांच्या, फार उधळपट्टी न करणाऱ्या ट्रेलरचा हिवाळ्यातला दिवस साधारण असा जातो: १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसर फ्रिज ०.७ युनिट, हीटरचा पंखा, थंड रात्री सहा तास धरला तर अर्ध्या युनिटच्या थोडं वर, लॅपटॉप आणि फोन ०.३, कॉफी आणि मायक्रोवेव्ह मिळून ०.४; उपग्रहावरून इंटरनेट घेणारी थाळी संध्याकाळपुरती चालवली तर ०.४, दिवे आणि पाण्याचा पंप ०.१. बेरीज अडीच युनिट. मायक्रोवेव्ह या यादीत राक्षस वाटतो, पण तो दहा मिनिटं चालतो. गुपचूप जीव काढतो तो हीटरचा पंखा. ऊब गॅसची म्हणून त्याचा हिशोब कुणी धरत नाही आणि पहाटे चारला गाडीत अंधार होतो.

आता ही अडीच युनिटं साठवायची कशात? गेली दीडशेहून अधिक वर्षं उत्तर एकच होतं: शिसं आणि आम्ल. गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने १८५९ मध्ये ही बॅटरी बनवली आणि भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्रातल्या घराघरांत कपाटाखाली किंवा जिन्याखाली तीच बसली होती. डिस्टिल्ड वॉटरची बाटली आणि तो आंबूस वास ज्यांना आठवतो त्यांना वेगळं सांगायला नको. आर.व्ही.वाले गोल्फकार्टच्या ६ व्होल्टच्या बॅटऱ्या जोडून वापरत. एकेक २८ किलोची. चार जोडल्या तर कागदावर ५.४ युनिटं, पण निम्म्याच्या खाली उतरवल्या तर आयुष्य झरझर घटतं, म्हणून हाताशी पावणेतीन. एकशे बारा किलोंचं शिसं वाहून नेऊन एका दिवसाची सोय.

तरीही वजन हा तिचा मोठा दोष नव्हे. मोठा दोष भरण्यात आहे, आणि तो समजायला आपल्या नळाचं उदाहरण पुरेसं आहे. नळाला दिवसातून तासभर पाणी येतं. तुमच्याकडे रुंद तोंडाचं पिंप असेल तर तेवढ्या वेळात ते भरून घेता. पण समजा भांडं असं आहे की तीन-चतुर्थांश भरेपर्यंत ठीक घेतं आणि मग त्याचा गळा आवळत जातो. धार बारीक, मग थेंबथेंब. शिशाच्या बॅटरीचं अगदी असंच होतं. ऐंशी टक्क्यांपर्यंत ती बरा प्रवाह घेते. पुढचे वीस टक्के भरायला तीन-चार तास लागतात आणि त्या वेळात जनरेटर जवळजवळ रिकामाच घरघरत राहतो. कोण थांबणार? माणूस ऐंशीवर इंजिन बंद करतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अर्धवट भरलेल्या बॅटरीत शिशाच्या सल्फेटचे स्फटिक पट्ट्यांवर घट्ट होत जातात आणि दोन-तीन हंगामांत तिची क्षमता कधी गेली ते कळतही नाही. मग दुकानदाराला शिव्या. खरं तर ती उपासमारीने मेलेली असते.

लिथियमचं वेगळेपण इथे आहे. आर.व्ही.त वापरतात ती लिथियम आयर्न फॉस्फेट. मोबाइलमधली नव्हे, तिची भावकी. जॉन गुडइनफ यांनी १९८० मध्ये ऑक्सफर्डला असताना कोबाल्टचं जे संयुग सुचवलं त्यातून पुढे मोबाइल आणि लॅपटॉपच्या बॅटऱ्या आल्या. नंतर टेक्सास विद्यापीठात त्यांच्याच गटाने १९९७ मध्ये लोखंड आणि फॉस्फेटचा पर्याय मांडला. त्या निबंधावर गुडइनफ यांच्याआधी दोन भारतीय संशोधकांची नावं आहेत: अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी. गुडइनफ यांना २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, नोबेल मिळालं आणि जगभर त्यांच्या वयाचीच चर्चा झाली. पाढी आणि नंजुंडस्वामी ही नावं मात्र आपल्याकडेही क्वचितच कुणाच्या तोंडी येतात.

या संयुगात ऑक्सिजन फॉस्फरसशी इतका घट्ट बांधलेला असतो की बॅटरी तापली तरी तो सहजासहजी सुटत नाही. कोबाल्टच्या बॅटरीत सुटलेला ऑक्सिजन आगीला आतूनच खाद्य पुरवतो. इथे तो धोका पुष्कळ कमी. बदल्यात त्याच वजनात वीज थोडी कमी मावते. मोबाइलवाल्याला ते खटकेल. शिसं ओढत आलेल्याला नाही: १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी १२-१३ किलोची, तिच्यात १.२८ युनिट, आणि ते जवळजवळ सगळं वापरता येतं. चार घेतल्या तर पन्नास किलोंत पाच युनिटं, म्हणजे आपल्या जोडप्याचे दोन दिवस. नीट वापरल्या तर दोन-तीन हजार वेळा भरता-उतरवता येतात.

पण माझ्या मते तिचा खरा गुण वजन किंवा आयुष्य हा नाही. ती पिते कशी ते पाहा. जवळजवळ शेवटच्या घोटापर्यंत त्याच वेगाने. क्वार्ट्झसाइटच्या दफनभूमीत एक दगडी पिरॅमिड आहे आणि त्याच्या टोकावर धातूचा उंट. अमेरिकन सैन्याने १८५० च्या दशकात या वाळवंटासाठी उंट आणले, त्यांच्याबरोबर आलेल्या हाजी अलीची ती समाधी. सैनिकांना नाव उच्चारता येईना म्हणून तो 'हाय जॉली' झाला आणि १९०२ मध्ये इथेच वारला. तहानलेला उंट दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटर पाणी पिऊन पुढे कित्येक दिवस चालतो. वाळवंटात नेमका हाच गुण लागतो.

आता जनरेटर. बूनडॉकिंगवाल्यांच्या पायरीपाशी लाल रंगाची सुटकेससारखी पेटी हमखास दिसते: होंडाची ईयू २२०० आय. वजन २१ किलोंच्या आसपास, टाकी ३.६ लिटरची. पेटीवर २२०० वॅट लिहिलेलं असलं तरी सतत देते १८०० वॅट. कंपनीचेच आकडे घेऊ. पूर्ण भारावर टाकी ३.२ तास चालते, पाव भारावर ८.१ तास. सामान्य माणूस म्हणतो, पाव भारावर चालवू, टाकी जास्त पुरेल. गुणाकार करा. १.८ किलोवॅट गुणिले ३.२ तास म्हणजे पावणेसहा युनिटं. ०.४५ गुणिले ८.१ म्हणजे साडेतीनच्या थोडं वर. त्याच ३.६ लिटर पेट्रोलमध्ये दोन युनिटांहून जास्त फरक! इंजिनाला स्वतःला फिरत ठेवायलाच एक ठरावीक पेट्रोल लागतं, काम कमी असो वा जास्त. रिक्षा सिग्नलला उभी असली तरी मीटर पळतो, तसं.

म्हणून दिवसभर जनरेटर लावून त्याच्यावर टीव्ही आणि लॅपटॉप चालवणं ही पेट्रोल जाळायची सर्वांत वाईट रीत. मोठ्या मोटारहोममध्ये ४ किलोवॅटचा अंगभूत जनरेटर असतो. तो दोन फोन चार्ज करण्यासाठी घरघरताना ऐकला की मला लग्नाच्या हॉलमधलं पातेलं एका कपाच्या चहासाठी चुलीवर चढवलेलं आठवतं. छोट्या जनरेटरला जवळजवळ पूर्ण भार द्यावा, तोही बॅटरी भरण्याचा, आणि दीड-दोन तासांत बंद करावा. १०० अँपिअरचा चार्जर बॅटरीत सुमारे १.४ किलोवॅट ढकलतो आणि त्यासाठी जनरेटरकडून १.६ च्या आसपास मागतो. म्हणजे होंडाच्या आवाक्यातलं शेवटचं टोक. अडीच युनिटं परत भरायला दोन तास, पेट्रोल दोन लिटर. सकाळी नाश्त्याच्या वेळी लावा. मायक्रोवेव्ह तेवढा त्याच वेळी लावू नका, नाहीतर पेटी लाल दिवा दाखवून हात वर करेल.

सौरपॅनलबद्दल थोडक्यात. छतावर सपाट टाकलेली ४०० वॅटची पॅनलं इथल्या डिसेंबरात सव्वा-दीड युनिट देतात. म्हणजे जनरेटर रोज न लावता दिवसाआड लावायचा. ढग आले की पुन्हा पेट्रोल. दोन्ही ठेवावीत, एवढंच.

लिथियम बसवताना लोक फसतात ते बॅटरीत नव्हे, तिच्या आजूबाजूच्या सामानात. ट्रेलरमध्ये आधीपासून बसवलेला चार्जर बहुधा शिशाच्या हिशोबाने केलेला असतो. तो १३.६ व्होल्टच्या आसपास अडतो; लिथियमला १४.२ ते १४.६ लागतात. नवी बॅटरी आणि जुना चार्जर म्हणजे रुंद पिंपाला बारीक नळ. मग जनरेटर पुन्हा पाच तास चालतो आणि माणूस म्हणतो, लिथियममध्ये काही दम नाही. गाडीच्या अल्टरनेटरचं उलट होतं. लिथियम मागेल तेवढा प्रवाह ओढते, अल्टरनेटरला त्याची सवय नसते, आणि इंजिन उभ्या-उभ्या मंद चालत असताना त्याचा पंखाही मंद असतो. तो तापून जळतो. मध्ये प्रवाहाला लगाम घालणारा डीसी-टू-डीसी चार्जर हवाच.

मग तारा. घरी १५०० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर घेतो. तेच १५०० वॅट १२ व्होल्टच्या बॅटरीतून इन्व्हर्टरने काढायचे तर १३० अँपिअर. त्यासाठी अंगठ्याएवढी जाड तांब्याची केबल लागते, आणि तिच्या टोकाचा बोल्ट अर्धा फेरा सैल राहिला तर चटका बसण्याइतका तापतो. शॉर्टसर्किट झालं तर लिथियम क्षणात हजारो अँपिअर ओकते. मोटारीचा साधा फ्यूज वितळला तरी त्याच्या पोटात ठिणगीची कमान तशीच राहू शकते. म्हणून बॅटरीशेजारी 'क्लास टी' जातीचा फ्यूज बसवतात. महाग असतो, आणि इथे काटकसर करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांच्या गाडीत बसत नाही.

आणखी एक चकवा. शिशाच्या बॅटरीचा व्होल्टमीटर पाहून ती किती उरली याचा अंदाज येतो. लिथियम नव्वद टक्क्यांवर असो की तीस, काटा तेराच्या आसपासच. मग एकदम घसरण, आणि आत बसवलेली रक्षक यंत्रणा, बी.एम.एस., सगळं तोडून टाकते. ना दिवा मंद होत, ना पंखा रेंगाळत. त्यासाठी शंट लावतात: बॅटरीतून आलेला-गेलेला सगळा प्रवाह ज्याच्यातून जातो तो धातूचा मोजीव तुकडा. तो जमाखर्च ठेवतो आणि मोबाइलवर टक्के दाखवतो. दर काही दिवसांनी बॅटरी पूर्ण भरून त्याचा हिशोब शून्यापासून जुळवावा लागतो, नाहीतर तोही थापा मारू लागतो.

एअर कंडिशनरबद्दल विचारणारा हमखास भेटतोच. छतावरचा नेहमीचा एसी तासाला १.३ युनिटच्या आसपास खातो. आपली पाच युनिटं चार तासांच्या आत संपतात. त्यासाठी बॅटऱ्यांची भिंत उभी करणारे आहेत, पण क्वार्ट्झसाइटचे जाणते लोक उन्हाळा लागला की गाडी सुरू करून वर जातात. फ्लॅगस्टाफ गाव समुद्रसपाटीपासून २१०० मीटरवर आहे. तिथे जुलैतही रात्री पांघरूण लागतं.

वर गेल्यावर दोन गोष्टी बदलतात. हवा विरळ होते आणि इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला साडेतीन टक्क्यांनी घटते. २१०० मीटरवर पाव ताकद गेलेली असते; १८०० वॅटची पेटी १३५० ची झाली. खाली सुखाने चालणारा १०० अँपिअरचा चार्जर इथे तिला बसवतो. चार्जरचा प्रवाह कमी करण्याची सोय नसेल तर डोंगरात बॅटरी भरताच येत नाही. घेतानाच हे विचारावं.

दुसरी गोष्ट थंडी. वर लवकर गेलात किंवा उशिरापर्यंत राहिलात, तर पहाटे पारा शून्याखाली असतो. लिथियम शून्याखाली वीज देते, पण भरून घेत नाही. तशा थंडीत भरली तर लिथियमचे अणू ग्रॅफाइटच्या थरांत शिरण्याऐवजी त्याच्यावर धातूची साय धरतात, आणि ते नुकसान कायमचं असतं. म्हणून बी.एम.एस. भरणं रोखते. रात्रभर हीटरच्या पंख्याने बॅटरी उतरवली, पहाटे कुडकुडत जनरेटर ओढला, आणि चार्जरवर शून्य अँपिअर! बॅटरी बिघडलेली नसते, ती शहाणपणा करत असते. शिशाच्या बॅटऱ्या हायड्रोजन सोडतात म्हणून त्या ट्रेलरच्या नाकावर, बाहेर ठेवायची पद्धत होती. लिथियम नेहमीच्या वापरात वायू सोडत नाही. तिला आत, पलंगाखाली घ्या. जी ऊब तुम्हाला तीच तिला.

जनरेटर मात्र बाहेरच, आणि लांब. धुराचं तोंड तुमच्या आणि शेजाऱ्याच्याही खिडकीपासून दूर, वारा वाहून जातो त्या दिशेला. थंडीत दारं-खिडक्या बंद असतात आणि जनरेटर गाडीच्या आडोशाला ठेवायचा मोह होतो, हीच वेळ वाईट. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून घट्ट धरतो, आणि झोपलेल्या माणसाला काही कळत नाही. आर.व्ही.त त्याचा अलार्म असतो, पण त्याचं आयुष्य ठरावीक असतं आणि बनवल्याची तारीख त्याच्या पाठीवर छापलेली असते. मुलाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेला जाऊन आर.व्ही. भाड्याने घेणार असाल, तर पहिल्या संध्याकाळी चहा टाकण्याआधी त्या अलार्मचं टेस्टचं बटण दाबून बघा. आवाज आला नाही तर त्या गाडीत झोपू नका.